पाळणा कुणाच्या खात्यावर?

आज आपण इतिहास सांगणार आहोत, पण त्याची सुरुवात आमच्याच ग्रामसंघाच्या हजेरी वहीतून होते.

गेल्या महिन्यात एका गटातली सून सलग तीन बैठकांना आली नाही. नियमाप्रमाणे दंड लागत होता. कुणीतरी म्हणालं, "ती कांदा लागणीलाही येत नाही, घरीच बसते." तेव्हा तिची सासूच उठून बोलली, "घरी बसती म्हंजे काय? दीड वर्षाचं पोर हाय. मी रोजानं जाती. मग पोर कुणी धरायचं, दंडानं?" सगळ्या हसल्या. दंड माफ झाला.

पण आम्ही वही मिटली नाही. तिथेच हिशोब मांडला. धरून चाला, बाईची मजुरी दिवसाला ३०० रुपये. महिन्यात १५ दिवस काम मिळतं आणि वर्षात असे ८ महिने. म्हणजे वर्षाचे ३६,००० रुपये. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत ती घरी राहिली, तर १,०८,००० रुपये गेले. आपल्या गटातून शेळ्यांसाठी कर्ज मागितलं की आपण दहा प्रश्न विचारतो. हे एक लाख आठ हजार मात्र कोणत्याच वहीत खर्ची पडत नाहीत. मूल सांभाळायला पैसे लागत नाहीत असं आपण म्हणतो. लागतात. फक्त ते कुणाच्या तरी नावावर गुपचूप पडतात. कधी कुणाच्या नावावर पडले, तेवढंच आज बघू.

शंभर वर्षांपूर्वी ते खुद्द बाळाच्या नावावर पडत होते.

कोकणातून आणि घाटावरून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, त्यात बायाही होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. रिळं भरणं, सूत गुंडाळणं ही कामं त्यांच्याकडे. दिवस दहा तासांचा. तान्हं पोर चाळीतल्या खोलीत ठेवायचं तर ते रडणार, मग शेजारीण तरी किती बघणार? त्यावर त्या काळचा उपाय म्हणजे बाळागोळी. या गोळीत अफू असायची. गोळी चाटवली की मूल आई येईपर्यंत गुंगीत पडून राहायचं. १९२२ साली डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी गिरणी कामगार बायांची पाहणी केली, तेव्हा त्यांनी लिहिलं की या बायांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. त्या आया काही निर्दय नव्हत्या. गोळीला थोडेच पैसे लागत होते आणि खाडा झाला तर रोज बुडत होता. त्यांच्यासमोर एवढीच निवड होती.

पुढे बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न आला. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यावर विधेयक आलं. काही सभासद म्हणाले, बाया बाळंत होणार आणि पगार मालकाने द्यायचा, हा कुठला न्याय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कौन्सिलाचे सभासद होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि वर एक मुद्दा मांडला. आईला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळण्यात साऱ्या देशाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही. बाईच्या कामाचा फायदा तो घेतो, तर त्याने काही भार उचलला पाहिजे, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "आपण बाबासाहेबांची जयंती दरवर्षी करतो, हे कुणी भाषणात का सांगत नाही?"

१९२९ साली कायदा झाला. तो देशातला असा पहिला कायदा होता. पण भार सगळा मालकावर पडला, सरकारने आपला वाटा उचलला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद आली, तीही तशीच. पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर कारखान्याने पाळणाघर चालवायचं. १९७६ मध्ये पन्नासचा आकडा तीसवर आणला. आता मालकाच्या जागी बसून विचार करा. तिसाच्या वर बाई घेतली की पाळणाघर आलं, बाळंतपणाचा पगार आला. पुरुष घेतला की काहीच नाही. गिरण्यांतल्या बायांची संख्या पुढच्या दशकांत घटत घटत अगदी थोडी उरली. त्याला नवी यंत्रं, रात्रपाळीची बंदी अशी इतरही कारणं होती, पण बाई महाग पडते हा हिशोब त्यात होताच. बायांच्या भल्यासाठी केलेला कायदा असा बायांच्याच रोजगारावर उलटू शकतो. इतकी वर्षं झाली, बाबासाहेबांनी सुचवलेला तो सरकारी वाटा अजून पुरता आलेला नाही.

आणि शेतमजूर बाई? ती कारखान्याच्या कोणत्याच आकड्यात बसत नव्हती. तिच्याकडे पाहिलं ते शिक्षण क्षेत्रातल्या दोन बायांनी.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. १९४५ साली त्या डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांना साथ दिली अनुताई वाघांनी. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि लगेच वैधव्य आलं होतं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी या कामाला दिलं.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी घ्यायच्या. अंगणात भरते ती अंगणवाडी. आपण रोज उच्चारतो तो शब्द असा एका वस्तीच्या अंगणातून आला आहे.

१९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे वेगळीच अडचण दिसली. मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण मुलगे गुरं राखतात आणि मुली धाकटी भावंडं राखतात. आई-बाप मजुरीला गेलेले. ज्या पोरीने स्वतः पाटी धरायची, तिच्या कडेवर पोर. ताराबाई-अनुताईंनी तिला रागावून शाळेत ओढलं नाही. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली आणि भावंडं राखणाऱ्या पोरींसाठी विकासवाडी काढली. म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. थोरलीने धाकट्याला घेऊन यायचं, त्याला पाळणाघरात सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातली हीच सर्वांत हुशारीची गोष्ट आहे. त्या दोघींनी ओळखलं होतं की पाळण्याचा खर्च तिसऱ्याच कुणाच्या तरी, म्हणजे आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या नावावर पडतो आहे. एक पाळणाघर केलं की तीन माणसं सुटतात. आई मजुरीला जाते, थोरली शाळेला जाते आणि धाकटं नीट खातंपितं. आमच्या गटांत आज पन्नाशी-साठीच्या ज्या बाया अंगठा उठवतात, त्यांना विचारा शाळा का सुटली. निम्म्याजणी धाकट्या भावाचं नाव घेतील.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. आमच्यातल्या आज्या अजून 'बहात्तर साल' म्हणूनच काळ मोजतात. मे १९७३ च्या सुमारास राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात बाया भरपूर. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. पोरं बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून टांगलेली. कामावर सुकडी मिळायची. आमच्या एका आजी सांगतात, "सुकडी पोराच्या हातावर ठिवायची, की पाटी उचलायची." उन्हात, खडीच्या धुळीत लेकरं दिवस काढायची.

या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आला हे ऐकण्यासारखं आहे. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि तो या योजनेकडे वळवला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये आपल्याकडच्या बाईच्या हाजरीला आले. कामाच्या जागी पाणी, सावली आणि मुलं सांभाळायची सोय हवी असंही ठरलं. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्यात ते आणखी स्पष्ट झालं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरी देण्याचं काम आहे, असं सरकारी कागदावर आलं. प्रत्यक्षात अशी नेमलेली बाई आम्ही फार थोड्या कामांवर पाहिली. मस्टरवर तिचं नाव घालायला कुणी तयार नसतं, "नुसती बसून राहते" म्हणतात.

आता १९७५. त्या वर्षी २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात ३३ प्रकल्प होते. महाराष्ट्रात मेळघाटातली धारणी आणि मुंबईतली धारावी इथून सुरुवात झाली. नाव घेतलं ते अंगणवाडीचं. आज राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण आणि आईला आहार-आरोग्याची माहिती. या यादीत काय नाही ते बघा. पाळणाघर नाही. कोसबाडच्या आवारातलं अंगण सरकारने घेतलं, पाळणा तिथेच राहिला.

त्यामुळे झालं असं की अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बोलावते, तीही चारेक तास. तीन वर्षांखालच्या बाळाचा आहार घरी येतो, बाळ घरीच राहतं. खुरपणीचा दिवस तर संध्याकाळपर्यंत असतो. अकरा-बाराला पोराला आणायला कोण जाणार? थोरली पोरगी किंवा सासू. आम्ही अंगणवाडीला नावं ठेवत नाही. वजन, लस, खाऊ यामुळे किती लेकरं वाचली ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पण योजना मुलासाठी आखली, आईच्या दिवसाचा विचार तिच्यात नव्हता. २०१९ मध्ये सरकारनेच देशभर लोकांच्या वेळेची मोजदाद केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. मुलं-म्हाताऱ्यांचं बघणं याची मिनिटं आणखी वेगळी.

योजना स्वस्तात चालली ती आणखी एका बाईच्या नावावर. सुरुवातीला दहावी न झालेल्या सेविकेला महिन्याला १०० रुपये, दहावी झालेलीला १५० आणि मदतनीसाला ३५ रुपये मिळत. त्याला पगार म्हणत नव्हते, मानधन म्हणत. शब्दात मान होता, धन कमी होतं. २०१८ मध्ये केंद्राचा हिस्सा सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनीसासाठी २,२५० झाला, राज्य आपली भर घालतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या सेविकांना पन्नासच्या वर दिवस संपावर बसावं लागलं. त्या दिवसांत आमच्यातल्या काहीजणी चिडल्या होत्या, पोरं घरी म्हणून. आम्हीही चिडलो होतो, खोटं का बोला. पण संप होता म्हणूनच कळलं की त्या चार तासांवर किती घरांचं रोजचं गणित उभं आहे.

यावर कुणी विचारेल, सरकारने जास्त खर्च केला तर मिळतं काय? तमिळनाडूत ३२० अंगणवाड्या निवडून हे तपासलं गेलं. त्यांतल्या निम्म्यांत आणखी एक अर्धवेळ कार्यकर्ती दिली. एवढाच बदल. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलं अभ्यासात पुढे गेली, खुजेपण आणि तीव्र कुपोषण घटलं. ही मुलं मोठी झाल्यावर जे जास्त कमावतील त्याचा अंदाज अर्थतज्ज्ञांनी काढला, तो खर्चाच्या १३ ते २१ पट निघाला. हा अंदाज आहे, हातात आलेला पैसा नव्हे, हे लक्षात असू द्या. आणि त्यात आईच्या मजुरीचा हिशोब नाही.

आईच्या कमाईचा हिशोब पाहायचा तर दूर कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जावं लागतं. तिथे १९९७ साली सरकारने दिवसाला ५ डॉलरमध्ये मूल सांभाळायची सोय सुरू केली, बाकीचा खर्च सरकारचा. दहा-अकरा वर्षांनी तिथल्या अर्थतज्ज्ञांनी मोजलं तेव्हा या सोयीमुळे सुमारे ७०,००० जास्त आया कामावर होत्या, आणि त्यांनी व इतरांनी भरलेल्या करातून सरकारने घातलेला पैसा परत आला, वर थोडा उरलाही. तिथे टीकाही झाली. काही ठिकाणी सांभाळण्याचा दर्जा बरा नव्हता, मुलं चिडखोर झाली असं काही अभ्यासकांना आढळलं. नुसतं दार उघडून भागत नाही. आणखी एक फरक आहे. तिथे पगारातून कर कापला जातो. आपली मजुरी रोख, तिच्यावर आयकर नाही, म्हणून तो पैसा तिजोरीत परत आलेला साहेबांना दिसणार नाही. तो गावातल्या किराणा दुकानात, शाळेच्या दप्तरात आणि गटाच्या हप्त्यात दिसेल.

आपल्या शेजारी कर्नाटकाने २०२३ मध्ये ग्रामपंचायतींत ४,००० पाळणाघरं काढायचं जाहीर केलं. नाव 'कूसिन मने', म्हणजे बाळाचं घर. सांभाळणाऱ्या बायांची मजुरी रोजगार हमीतून. म्हणजे मस्टरवर नाव घालता येतं. केंद्रानेही अलीकडे 'पाळणा' नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची योजना आणली आहे. कोसबाडची जोडणी पुन्हा कागदावर आली म्हणायची.

या सगळ्यात आपल्या हातात काय आहे? सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यावर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची. आमच्या खालच्या वस्तीला ती नाही. ओढा ओलांडून वरच्या गावात जावं लागतं, पावसाळ्यात तेही नाही. हजेरीच्या त्या वादानंतर आम्ही घरोघर फिरून यादी केली. ३७ नावं झाली. आम्ही हिरमुसलो. मग एकजण म्हणाली, "अगं, कोयत्यावर गेलेली घरं कुठं धरली?"

खरंच धरली नव्हती. वस्तीतली चार घरं ऊसतोडीला गेली आहेत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाने उचल जोडीला दिलेली, म्हणून बाळ लहान आहे या कारणावर बाईला मागे राहता येत नाही, अर्धा कोयता कुणी घेत नाही. मग बाळ फडात जातं. पहाटे चारच्या थंडीत पाचटावर झोपतं. त्याला राखायला सात-आठ वर्षांची बहीण जाते, तिचीही शाळा सहा महिने सुटते. चाळीस वर्षांखालची नव्हे, आजची गोष्ट आहे ही. त्या चार घरांतली सहा वर्षांखालची ७ मुलं धरली की ४४ होतात.

आम्ही ४४ नावांची यादी घेऊन कार्यालयात गेलो. तिथले साहेब चांगलं बोलले, चहाही दिला. पण म्हणाले, जी मुलं गावात हजर नाहीत ती मोजता येणार नाहीत. आम्ही म्हणालो, साहेब, ती हजर नाहीत ती सोय नाही म्हणूनच. ते म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पण रकाना तसा नाही.

अर्ज मात्र दिला आणि पोच घेतली. कारखान्यांचे पट्टे पडले की पाडव्याच्या पुढेमागे ती घरं परत येतात. तोवर यादीची दुसरी प्रत ग्रामसंघाच्या वहीत आहे. सदतीस नावं लिहिली आहेत आणि खाली सात ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. ती मुलं आली की त्यांना घेऊनच कार्यालयात जायचं असं ठरलं आहे. त्या दिवशी कुणाकुणाचा रोज बुडेल, तो ग्रामसंघाने भरायचा की नाही, यावर पुढच्या बैठकीत बोलणार आहोत.